रविवारी साडेचारला फोन जवळ ठेव

प्रिय प्राजू,

शनिवारची रात्र आहे, रूममेट झोपल्यात आणि मी स्वयंपाकघरात नकाशा पसरून बसलेय. इटलीत, बोलोन्यात येऊन पाच दिवस झाले, पण रूम, बँक, युनिव्हर्सिटीचे कागद यातच गेले सगळे, गाव म्हणून काही बघितलंच नाही गं. उद्याचा पहिला रविवार मात्र पूर्ण माझा.

बस नाही घेणार, चालतच जाणार, कारण इथले पोर्टिको! घराचा वरचा मजला रस्त्याकडे पुढे काढलेला आणि खाली खांबांवरची ओसरी, अशा एकीला एक लागून गावभर, सगळ्या मिळून ६२ किलोमीटर भरतात. युनिव्हर्सिटी १०८८ सालापासूनची म्हणतात, शिकायला माणसं येत राहिली, जागा पुरेना, मग लोकांनी वरच्या खोल्या पुढे ढकलल्या आणि खाली लाकडी टेकू दिले. १२८८ मध्ये तर नियमच झाला की घर बांधायचं तर पोर्टिको हवाच. जागा मालकाची, पण वाट सगळ्यांची, मला हे इतकं आवडलंय ना. गुरुवारी धो धो पाऊस होता आणि मी क्लासमधून जवळजवळ कोरडी घरी आले, छत्री पिशवीतच.

सकाळी आधी सान्तो स्तेफानो, एकात एक गुंफलेली जुनी चर्च आहेत तिथे. मग दोन मनोरे. उंच आसिनेल्ली ९७ मीटरचा आणि शेजारचा गारिसेन्दा एवढा कललाय की २०२३ च्या ऑक्टोबरपासून दोन्हीकडे जायला बंदी आहे, म्हणजे लांबूनच बघायचे. जेवायला रिकोटा चीज भरलेला पास्ता, तोर्तेल्लोनी, मिळाला की झालं, इथे बाकी सगळ्यात मटण-मांसच फार.

पण हे सगळं मी एक वाजायच्या आत उरकणारे, कारण एकच्या ठोक्याला मला सान पेत्रोनियोत असायचंय. १३९० मध्ये सुरू झालेलं प्रचंड चर्च, दर्शनी भिंत आजही अर्धी संगमरवरी आणि वर नुसत्या विटा. आत जमिनीवर जवळजवळ ६७ मीटर लांब रेघ आहे, खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली, हो, तोच, शनीच्या कड्यांतल्या फटीचा! वर छतात छोटं भोक आहे, त्यातून ऊन आत येतं आणि मध्यान्हीला सूर्याचं बिंब बरोब्बर त्या रेघेवरून सरकतं. बिंब वर्षभरात किती लहानमोठं होतं ते त्याने इथे मोजलं आणि ग्रह लंबवर्तुळात फिरतात या केप्लरच्या म्हणण्याला आधार मिळाला. फरशीवर, देवळात, प्राजू!

तुझ्या गच्चीवर आपण मे महिन्यात स्टीलचा डबा उभा करून शून्य सावली बघितली होती, आठवतंय? साडेबाराला सावली डब्याखाली गेली आणि तू माझा हात घट्ट धरलास. इथे तसं कधीच होणार नाही, सूर्य डोक्यावर येतच नाही इतक्या उत्तरेला. म्हणून ती रेघ मला तुझ्यासोबतच बघायचीय.

सान लुकाची टेकडी उद्या नाही. ६६६ कमानींखालून जवळजवळ चार किलोमीटर चढ आहे, तो तू डिसेंबरात येशील तेव्हासाठी ठेवलाय.

इथे एक म्हणजे तुझ्याकडे साडेचार. आत बोलता येणार नाही, नुसता व्हिडिओ दाखवेन. ढग असले तरी फोन उचल.

तुझीच,
अनू