बाबांची कॉट मागच्या खोलीत हलव

सिंगापूर, रविवार

प्रिय आई,

काल बाबा फोन अर्धवट टाकून उठले ते कळलं मला. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन 2 महिने झाले आणि माणूस खोलीबाहेर पडत नाही, असं कसं चालेल गं.

आज बिशान पार्कात बसून लिहितेय. 62 हेक्टरचं आहे आणि मधून कलांग नदी वाहते, म्हणजे आता नदी म्हणायचं, आधी तो सरळसोट सिमेंटचा नाला होता, आपल्या कॉलनीमागं आहे ना तसाच. यांनी सगळं काँक्रीट फोडलं, काठाला गवत दगड झुडपं लावली आणि 2012 पर्यंत 2.7 किमीच्या नाल्याची वळणं घेत जाणारी 3.2 किमीची नदी केली. जोराचा पाऊस लागला की पाणी पार्कातल्या हिरवळीवरच पसरतं, सायरन वाजतो, लोक वर सरकतात. फोडलेल्या काँक्रीटची चक्क टेकडी केलीये! आणि पाणमांजरं येतात, कुणी आणून सोडलेली नाहीत, आपली आपण. (पाट्या मात्र जागोजागी, हे करू नका ते करू नका.)

पण सांगायचं वेगळंच होतं. इथं म्हाताऱ्या माणसांसाठी थेरप्युटिक गार्डन आहे. वाफे कमरेइतके उंच, वाकायला लागत नाही, व्हीलचेअरवरनंही हात पोचतो. आत्ता एक चिनी आजी गवती चहाचं पान चुरून वास घेत बसल्यात, दहा मिनिटं झाली, चेहरा बघायला हवा होतास.

1984 मध्ये रॉजर उलरिच म्हणून एकानं छापलं होतं, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ज्यांना खिडकीतनं झाडं दिसायची ते भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, दुखण्याची जोरदार औषधंही कमी लागली. आणि बाबांच्या खिडकीतनं काय दिसतं, तर शेजारच्यांची पाण्याची टाकी!

म्हणून कॉट मागच्या खोलीत हलव, जास्वंद तरी दिसेल. आणि परसात विटा रचून 4 कुंड्या त्यांच्या हाताच्या उंचीला ठेव, गवती चहाचा ठोंब शेजारच्या काकूंकडनं आण. कुरकुर करतील, करू दे. पाणी मात्र त्यांनीच घालायचं, सुकायला लागलं तरी तू घालू नकोस.

तुझी,
मनू