लिनक्स टाकण्यापूर्वी पार्टिशन कागदावर ठरवा

महोदय,

विंडोज १० साठीची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, पण अजून धडधाकट असलेल्या घरगुती संगणकांवर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली टाकून घेणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र ते काम करताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडून मोकळे होण्याची जी घाई होते, तिच्याविषयी कोकणातील वाचकांशी बोलणे मला आवश्यक वाटते.

त्या पर्यायाने बहुतेक वेळा प्रणाली आणि घरातील फोटो, सातबाऱ्याच्या प्रती, मुलांचा अभ्यास असे सगळे एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकाच भागात, जाते. पुढे प्रणाली नव्याने टाकायची वेळ आली, की ते सारे आधी बाहेर काढावे लागते. प्रणालीसाठीचे ‘रूट’ आणि आपल्या फाइलींसाठीचे ‘होम’ ही पार्टिशन वेगळी ठेवली, तर फक्त रूट फॉरमॅट करायचे आणि होमला हात न लावता ते पुन्हा जोडायचे, एवढ्यावर काम भागते.

५०० जीबीच्या डिस्कवर मी रूटला ६० जीबी देईन. मूळ प्रणालीला याच्या निम्मीही जागा पुरते. पण जुने कर्नल (प्रणालीचा गाभा), लॉग (नोंदींच्या फाइली) आणि फ्लॅटपॅक या पद्धतीने टाकलेले प्रोग्राम तिथेच साठत जातात, आणि रूट काठोकाठ भरले की लॉगिन करणेही कठीण होऊन बसते. यूईएफआय पद्धतीने सुरू होणाऱ्या संगणकावर प्रणाली सुरू करून देणारे ईएफआय पार्टिशन लागते; त्याला ५१२ एमबी पुरतात. स्वॅपचा, म्हणजे रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेचा, निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू आहे तोवर चाललेले काम डिस्कवर उतरवून संगणक बंद करायचा असेल, म्हणजेच हायबरनेटची सोय हवी असेल, तर स्वॅप निदान रॅमएवढा धरणे इष्ट. उरलेली सर्व जागा होमला द्यावी.

‘आत्ता कसेही टाकू, नंतर बदलू’ हा विचार आपल्या किनारपट्टीवर विशेष धोक्याचा आहे. लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सटी४ या फाइल प्रणालीचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) पार्टिशन लहान करायचे तर ते वापरातून बाहेर काढावे लागते, आणि त्याची सुरुवात पुढे-मागे सरकवायची झाली तर आतील सगळा डेटा जागचा हलतो, ज्याला मोठ्या डिस्कवर कित्येक तास लागू शकतात. एरवी अचानक वीज गेली तर एक्सटी४ चे जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, फाइल प्रणालीची रचना बहुधा सावरून घेते. पण पार्टिशन सरकत असताना वीज गेली तर त्या जर्नलचा उपयोग नाही. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांनी दीर्घकाळ अंधार सोसला आहे, आणि साध्या पावसाळी रात्रीही वीज किती वेळा जाते हे इथे कोणाला सांगायला नको.

वेगळे होम म्हणजे बॅकअप नव्हे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. डिस्कच निकामी झाली तर सगळी पार्टिशन एकदम जातात, म्हणून बाहेरच्या डिस्कवर दुसरी प्रत हवीच.

आपल्याकडील संगणक दुरुस्ती करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की लिनक्स टाकण्यापूर्वी त्यांनी ग्राहकाला डेटा किती आहे, रॅम किती आहे आणि हायबरनेट हवे का, हे विचारावे आणि ठरलेली पार्टिशन एका कागदावर लिहून ग्राहकाच्या हाती द्यावीत.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी