उलटं धावणाऱ्यांकडेही बघा

संपादक महोदय,

अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यावरचा, म्हणजे सुपर बोलवरचा, आपला लेख वाचला. सगळा क्वार्टरबॅकभोवतीच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूभोवतीच, फिरतो, बचावपटूंना जेमतेम अर्धी ओळ. १९८३ साली मी नोकरीनिमित्त वॉशिंग्टनजवळ राहत होतो. सहकाऱ्याच्या घरी टीव्हीवर वॉशिंग्टनचा डॅलसविरुद्धचा सामना चालू होता. डॅलसचा टोनी डॉरसेट चेंडू घेऊन मोकळा सुटला, आता गाठत नाही कोणी, असं वाटत असतानाच मैदानाच्या पार दुसऱ्या बाजूने एक पोरगा आला आणि त्याने मागून त्याला धरलं. वॉशिंग्टनचा कॉर्नरबॅक डॅरेल ग्रीन. उंची पाच फूट नऊ इंच, पहिलाच सामना! मला तेव्हा नियमही धड कळत नव्हते, तरी मी उभा राहिलो.

कॉर्नरबॅकचं, म्हणजे कडेच्या बचावपटूचं, काम मोठं विचित्र. कुठे वळायचं हे समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याला, ठाऊक असतं. याने उलटं धावत, त्याच्या कमरेकडे बघत ते ओळखायचं. एकदा चुकला की थेट टचडाउन, म्हणजे समोरच्याचे गुण, आणि ते सगळ्या स्टेडियमला दिसतं. चांगला खेळला तर त्याच्या बाजूला चेंडू येतच नाही, म्हणजे नावही निघत नाही. अशा जागी ग्रीन एकाच संघाकडून वीस हंगाम टिकला, चाळिशी ओलांडून २००२ पर्यंत. ५४ इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने फेकलेला चेंडू मध्येच झेलणं; सलग १९ हंगामांत दर हंगामाला किमान एक. शिकागोविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, तर बरगडीला दुखापत होऊनही पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने लाथेने लांब मारलेला चेंडू, परत आणत त्याने टचडाउन पूर्ण केला.

पुढच्या लेखात निदान एक चौकट कॉर्नरबॅकसाठी ठेवा.

आपला,
एक जुना वाचक