आंबा विकायचा तर आधी लिहा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमची देवगडला हापूसची छोटी बाग आहे, पेट्या घरूनच विकतो. दर एप्रिलला फोनवर तेच तेच प्रश्न यायचे, आंबा कापला तर आत पांढरा कापसासारखा भाग का निघाला, पेटी फ्रीजमध्ये ठेवू का, साल हिरवीच आहे मग पिकलाय कसा ओळखायचा, आणि उत्तरं देता देता घसा बसायचा. मग मुलीने वेबसाइट करून दिली आणि मी रात्री जेवणं झाली की मोबाईलवर एकेक उत्तर लिहायला लागलो, आपल्या साध्या मराठीतच. साका म्हणजे आतला तो पांढरा भाग काय असतो, तो बाहेरून का दिसत नाही, आंबे पिकवायला अढी कशी लावतात, पेंढ्यात आंबे उलटसुलट का करायचे, सगळं फोटोसकट टाकलं. साका निघालेल्या आंब्याचा फोटोसुद्धा टाकला, लपवायचं कशाला?

आता गिऱ्हाईक वाचूनच फोन करतं आणि भाव पाडून मागत नाही. २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण नुसत्या शिक्क्याने पुण्या-मुंबईच्या माणसाला आपला आंबा कळत नाही हो, तो कुणीतरी समजावून सांगावा लागतो. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांत जातं, हे लिहिलेलं पुढच्या सीझनलाही गुगलवर सापडतं.

कोकम, काजू, पापड करणाऱ्या आमच्या ताई-वहिनींनी पण लिहावं असं मनापासून वाटतं, त्यांना तर माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहितीय. तालुक्याच्या ठिकाणी कुणी दोन दिवस शिकवलं तरी पुरे, जागा आमच्या खळ्यात देतो.

– एक आंबा बागायतदार, देवगड