टोपली वेदीपाशी नेण्याआधी मजुरी चुकती व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कापसाची वेचणी भरात आली, तुरीच्या शेंगा भरू लागल्या, की विदर्भातल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत पीक-उपासना, म्हणजे नव्या पिकाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्या उपासना, सुरू होतात. कुठे नोव्हेंबरअखेर, कुठे नाताळ आटोपल्यावर, कुठे संक्रांतीच्या आगेमागे. देवळाच्या (चर्चच्या) दाराला ज्वारीची कणसे आणि फुटलेली बोंडे बांधलेली दिसतात, ढोलकी-टाळ ऐकू येतात, शेवटी पिकाचा लिलाव होतो. गावाला तो सण वाटतो आणि तो सणच आहे. पण या आनंदाचे मूळ कशात आहे, याचा विसर आता मंडळीतही पडू लागला आहे. मोठे स्पीकर, बाहेरून आणलेले गाणारे आणि दोन तासांचा जल्लोष झाला, की देवाचे सान्निध्य लाभले असे धरून चालतात. तसे झाले नाही तर उपासना कोरडी गेली म्हणतात. उपासनेची जबाबदारी उचलणाऱ्या पाळकांना, वडिलांना (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांना) आणि घराघरांतल्या बायामाणसांना उपयोगी पडावे म्हणून हे पत्र.

पीक-उपासनेचा शास्त्राधार बायबलातील अनुवाद या पुस्तकाच्या 26व्या अध्यायात आहे. तिथला क्रम नीट पाहावा. पहिल्या उपजातले काही टोपलीत घ्यायचे, ती याजकाच्या हाती द्यायची, याजक ती वेदीपुढे ठेवणार. मग आणणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचे: आमचा पूर्वज भटका होता, मिसर (इजिप्त) देशात आमच्याकडून सक्तीने राबवून घेतले, आम्ही आक्रोश केला, परमेश्वराने ऐकले आणि आम्हाला सोडवले. त्यानंतर दंडवत. आणि अकराव्या वचनात आनंद कर अशी आज्ञा येते, तीही एकट्याने नव्हे. लेवी (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशातला) आणि तुझ्यामध्ये राहणारा परका यांच्यासह. म्हणजे सुटकेची आठवण, आज्ञा पाळून केलेले अर्पण, नमन आणि मग आनंद, असा तो क्रम आहे. प्रभू येशूनेही योहानाच्या 15व्या अध्यायात हेच सांगितले. माझ्या आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल, असे म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात तो म्हणतो की माझा आनंद तुमच्यामध्ये असावा व तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून हे तुम्हाला सांगितले. आनंद वेगळा मागून आणायचा नाही. प्रीतीने आज्ञा पाळत राहणाऱ्याला तो धन्याच्या सहवासातच मिळतो.

आता खेड्यातल्या प्रत्यक्ष गोष्टी.

सर्वांत आधी मजुरी. अनुवाद 24:14-15 मध्ये स्पष्ट आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडली पाहिजे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. आपल्याकडे वेचणीचा कापूस रोज संध्याकाळी काट्यावर मोजतात आणि पैसे बहुधा बाजाराच्या दिवशी देतात. मजुरांनाच तसे सोयीचे असेल तर हरकत नाही. पण ते त्यांना विचारून ठरलेले असावे. बिघडते ते दोन ठिकाणी. एक, 'कापूस विकला की देतो' म्हणून मजुरी पुढे ढकलली जाते. दुसरे, मोजणी. अंधार पडल्यावर, टांगत्या काट्याचा काटा शून्यावर आहे की नाही हे न पाहता, ओला आहे म्हणून अंदाजाने किलो-दोन किलो वजा केले जातात. काटा रिकामा टांगून सर्वांना दाखवावा, वजन मोठ्याने सांगून वहीत लिहावे आणि वेचणारीलाही ते लिहून द्यावे. ओलाव्यासाठी काही वजा करायचे असेल तर ते सकाळी वेचणीला लागण्याआधी ठरवावे. पीक-उपासनेच्या आदल्या शनिवारपर्यंत सगळा हिशेब चुकता झाला पाहिजे. याकोब 5:4 सांगते की कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती हाक सेनाधीश प्रभूच्या कानी जाते. ती हाक देवापुढे असताना त्याच शेतातला कापूस वेदीवर ठेवून कितीही गायिले, तरी काय उपयोग?

अनुवादाच्या त्याच 24व्या अध्यायात सरव्याची, म्हणजे शेतात मागे राहिलेल्या पिकाची, आज्ञा आहे. शेतात विसरलेली पेंढी घ्यायला परत फिरू नये, जैतुनाच्या फांद्या दुसऱ्यांदा झोडू नयेत, राहिलेले परक्याचे, अनाथाचे, विधवेचे. कापसाला हे लावताना थोडा विचार हवा, कारण गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाटी (कापसाची झाडे) लवकर उपटून रान मोकळे करणे गरजेचे असते आणि फरदड (हंगामानंतरही उभे ठेवलेले कापसाचे पीक) ठेवू नये असा कृषी विभागाचा सल्ला आहे. म्हणून पऱ्हाटी उपटण्याआधी चार दिवस शेवटची वेचणी गावातल्या निराधार बाईला तिच्या हक्काने करू द्यावी आणि तो कापूस तिनेच विकावा. तुरी आणि हरभऱ्याच्या खळ्यावरचा सरवा तर अजूनही सहज सोडता येतो. कंबाइनने सोयाबीन काढल्यावर खाली पडलेल्या दाण्यांवर लगेच जनावरे सोडतात. त्याआधी एक दिवस थांबायला काय लागते?

लिलावाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे: ठेवायचा असेल तर आटोपशीर ठेवा. भोपळ्याला किंवा कोंबडीला बाजारभावाच्या दहापट बोली लागते, टाळ्या पडतात, बोली बोलणाऱ्याचे नाव माइकवरून तीनदा घेतले जाते आणि पाव किलो तुरीची डाळ घेऊन आलेली म्हातारी मागे बसून राहते. बोलीचे पैसे पुढल्या वर्षापर्यंत येत नाहीत, मग रुसवेफुगवे सुरू होतात. यावर उपाय आहेत. लिलावाआधी सर्व अर्पणातून गरजू घरांचा वाटा बाजूला काढावा आणि तो त्याच दिवशी पोचवावा, म्हणजे नहेम्याच्या आठव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे ज्यांच्यासाठी काही तयार नाही त्यांच्याकडे ताटे जातील. 'परमेश्वराचा आनंद हेच तुमचे सामर्थ्य' हे वचन आपण भिंतीवर लिहितो. ते ताटे पाठवण्याच्या आज्ञेला जोडूनच, त्याच वचनात आले आहे. राहिलेल्याची बोली रोखीने घ्यावी, नावे पुकारू नयेत, पैसे दोघांनी मिळून मोजावेत आणि आकडा त्याच दिवशी रजिस्टरात चढवावा.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीची, तयारी हाही आज्ञापालनाचाच भाग आहे, कारण माझ्या स्मरणार्थ हे करा अशी प्रभूची आज्ञा आहे. ते कोणत्या रविवारी आहे हे आधीच्या रविवारी सांगावे. मत्तय 5:23-24 प्रमाणे वेदीपाशी आठवले की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायचा असतो. त्यासाठी लोकांना आठवडा मिळाला पाहिजे. आपल्याकडचे बहुतेक तंटे धुऱ्याचे (शेताच्या बांधाचे), पाण्याच्या पाळीचे नाहीतर उसन्या पैशाचे असतात. ते हात मिळवून सुटत नाहीत. धुरा सरकवला असेल तर मागे घ्यावा लागतो. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेले चौपट परत देऊ केले होते. वडिलांनी वेदीपुढे दोघांचे हात धरून जबरदस्तीने एकमेकांत देणे टाळावे, त्याने अन्याय झालेल्याचे तोंड बंद होते. आणि घरात मार खाणाऱ्या बाईला 'समेट कर' असे प्रभुभोजनाच्या नावाने कधीही सांगू नये.

ज्या मंडळ्यांत द्राक्षारसाऐवजी मनुकांचा रस वापरतात, त्यांच्यासाठी माप असे. साधारण 40 जणांना पाव किलो काळ्या मनुका आणि एक लिटर पाणी. मनुका दोन-तीनदा धुऊन शनिवारी सकाळी भिजवाव्यात, संध्याकाळी त्याच पाण्यात 10 ते 15 मिनिटे उकळाव्यात, कुस्करून स्वच्छ पांढऱ्या फडक्यातून गाळाव्यात. अर्धा लिटरच्या वर रस निघतो, माणशी दहा-बारा मिलिलिटर पुरतो. रात्रभर भिजवू नये. मार्चनंतर आपल्याकडच्या उकाड्यात तो आंबू लागतो. उन्हाळ्यात रविवारी सकाळी पुन्हा एक उकळी द्यावी. भांडे स्टीलचे घ्यावे, कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात आंबट रस कळकतो. भाकरीसाठी दीडशे ग्रॅम कणकेच्या चार पातळ पोळ्या पुरतात. त्या ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात, नाहीतर कोरड्या हवेत कडक होऊन मोडताना चुरा होतो. कॅथलिक बांधवांचा नियम वेगळा आहे, त्यांच्या मिस्सेत द्राक्षांचाच द्राक्षारस आणि बिनखमिराची गव्हाची भाकर लागते. माप इतके बारकाईने देण्याचे कारण हे, की रस कमी पडतो तेव्हा तो शेवटच्या रांगेला कमी पडतो आणि शेवटच्या रांगेत बहुधा शेतावरून उशिरा पोचलेले मजूर असतात. पहिल्या शतकातल्या करिंथ शहराच्या मंडळीत नेमके हेच घडत होते. आधी आलेले खाऊन पिऊन तृप्त आणि गरीब उपाशी. प्रेषित पौलाने त्यांना एकमेकांसाठी थांबायला सांगितले. म्हणून हंगामात सकाळी साडेदहाची उपासना बदलून सायंकाळी साडेसातची करावी. वेळ मजुरांच्या सोयीने ठरते तेव्हा थांबण्याची ती आज्ञा उपासना सुरू होण्याआधीच पाळली जाते.

उपासनेच्या क्रमात सर्वांत जास्त कापली जाते ती पापांगीकारानंतरची शांतता. चालवणाऱ्याला ती अवघडल्यासारखी होते, तो खूण करतो आणि पेटी सुरू होते. पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, कोणीही वाजवू नये. मजुरी, धुरा, तोंडून गेलेला शब्द, हे सगळे त्या मिनिटातच आठवते. त्यानंतर क्षमेचे वचन खणखणीत आवाजात वाचावे, पुटपुटू नये. खरा आनंद इथून वर येतो, आणि गाणे लगेच इथे घ्यावे. शाल-श्रीफळाचे सत्कार आणि सूचना मात्र आशीर्वचनानंतर.

गाणे सर्वांचे असावे. ना. वा. टिळकांनी अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्तगीते लिहिली, त्यामुळे टाळ हाती असला की अक्षरओळख नसलेली बाईही देवळात गाऊ लागली. पेटीवाल्याने पट्टी आपल्या गळ्याची धरू नये. वरचा सूर आला की म्हातारी माणसे गप्प होत असतील तर पट्टी दोन स्वरांनी उतरवावी. कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोजचे बटण आहेच. नवे गीत ओळ सांगून शिकवावे, एका रविवारी एकच. आवाज इतका ठेवावा की शेजारी बसलेल्याचे गाणे ऐकू येईल.

आज्ञापालनाचा विपर्यासही होतो, तो थांबला पाहिजे. गैरहजेरीला दंड, दशमांश न देणाऱ्यांची यादी फळ्यावर, पाळकाचा शब्द म्हणजे देवाचा शब्द, 'इतके अर्पण करा म्हणजे पाऊस पडेल, कर्ज फिटेल', हे शास्त्रात नाही. दहा आज्ञांची सुरुवातच मुळी 'मी तुला दास्यगृहातून काढले' इथून होते. सुटका आधी, आज्ञा नंतर. सुटलेला माणूस प्रेमाने पाळतो. भ्यालेला मोजून पाळतो, आणि त्याच्या उपासनेत आनंद येत नाही, कितीही ढोल वाजवले तरी.

पीक बुडालेल्या वर्षी काय करायचे, हा प्रश्न आपल्या भागात टाळता येत नाही. 2017 साली बोंडअळीने घरेच्या घरे खचली. अशा हंगामात पीक-उपासना रद्द करू नये आणि हसरा चेहरा आणण्याची सक्तीही करू नये. हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी अंजीर फुलत नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरे नाहीत असे एकेक नाव घेऊन सांगितले आहे, आणि त्यानंतर 'तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन' येते. त्या उपासनेत लोकांना आपले नुकसान नाव घेऊन बोलू द्यावे, विलापाची स्तोत्रे वाचावीत, रिकामी टोपलीसुद्धा वेदीपाशी स्वीकारावी. ज्या घरात शेतकऱ्याने जीव दिला आहे त्या घरी आधी डबा जावा, मग प्रार्थना. 'का केले' असे विचारू नये. सावकाराची किंवा बँकेची नोटीस आली असेल तर ती वाचून समजावणारा एक माणूस मंडळीने सोबत द्यावा. ते घर पुन्हा देवळात येईल तेव्हा रडले तरी चालेल.

शेवटी, इतर धर्मांच्या शेजाऱ्यांसाठी. पीक-उपासनेला कोणीही येऊन बसू शकते. बहुतेक खेड्यांत चपला बाहेर काढतात. गाण्याला, वाचनाला सर्वजण उठले तर उठावे, नाही उठलात तरी चालते. अर्पणाची थैली पुढे आली तर काही टाकलेच पाहिजे असे नाही. प्रभुभोजन मात्र बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असते. ताट आले की ते पुढे द्यावे, त्यात कोणाचा अवमान होत नाही. त्यानंतरचे जेवण सर्वांचे असते आणि वेचणीच्या दिवसांत ते उपासनेनंतर, रात्री नऊच्या सुमारास वाढले जाते.

आपले,
मंडळीचे वडील व उपासना-सेवक,
यवतमाळ जिल्हा