नाताळच्या भेटी यंदा घरीच करूया

एसलिंगन, जर्मनी
८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "यंदा सगळ्यांना काय द्यायचं गं?" तेवढ्यात तुझ्याकडे कुणीतरी आलं आणि बोलणं राहून गेलं. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना, म्हणून सविस्तर लिहिते. आईला वाचून दाखव. बाबांच्या हाती हे पत्र पडू देऊ नकोस, त्यांच्या भेटीचंही यात लिहिलंय.

माझं म्हणणं एवढंच, की यंदा काही मागवू नका, घरीच करा. हल्ली आपल्याकडे सगळ्यांना सारखेच मग आणि सारख्याच फोटोफ्रेमा जातात. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तरी कुणाला कळणार नाही. भेट उघडल्यावर 'हे माझ्याचसाठी केलंय' असं त्या माणसाला वाटलं पाहिजे. त्याला पैसे फार लागत नाहीत, दिवस लागतात, आणि ते अजून हातात आहेत.

इथे शेजारी एक आजी राहतात. नोव्हेंबर संपता संपता त्यांची भट्टी सुरू होते. बदामाची चंद्रकोरी बिस्किटं, आल्या-दालचिनीची बिस्किटं, जॅम भरलेली बिस्किटं, सगळी पत्र्याच्या डब्यांत भरून इमारतीत वाटतात. खालच्या मजल्यावरच्या मुलाला बदाम-अक्रोड चालत नाहीत, म्हणून त्याचा घाणा त्या आधी, स्वच्छ भांड्यांत करतात आणि डब्यावर त्याचं नाव लिहितात. मला ते फार आवडतं. आपली नाताळच्या फराळाची ताटंही शेजारी जातातच की! फक्त यंदा ताट भरताना माणूस आठवा. काकूंना साखर आहे, त्यांच्या ताटात करंज्यांऐवजी खारे शंकरपाळे आणि चकल्या जास्त घाला. आत्याला कडक चावत नाही, तिला केकचा मोठा तुकडा.

आता मामाच्या धाकटीचं. जानेवारीत लग्न आहे, तिच्यासाठी माझ्या मनात एकच गोष्ट आहे: आईच्या हातच्या पदार्थांची वही आणि आईची वाटी. आई सगळं वाटीने मोजते, आणि तीही एका ठरावीक वाटीने. शंकरपाळ्यांना वाटीभर तूप, वाटीभर साखर, वाटीभर दूध आणि "मैदा मावेल तेवढा" असं ती सांगते. नवीन मुलीला त्या 'मावेल तेवढा'पाशीच अडायला होतं. म्हणून आई पीठ मळायला बसेल तेव्हा तू शेजारी बस. मैदा आधी मोजून परातीत काढ, मळून झाल्यावर उरलेला मोज, आणि किती लागला ते वहीत लिही. तळणीचं तेल तापलं हे ती कशावरून ओळखते, तेही विचारून लिही. काळ्या मसाल्याला खोबरं कुठल्या रंगावर उतरवायचं, हे तर तिच्याशिवाय कुणालाच नेमकं माहीत नाही.

मग आईची वाटी पिशवीत घालून भांडी बाजारात जा. तशीच दिसणारी वाटी घेऊन चालणार नाही. आईची वाटी काठोकाठ पाण्याने भर आणि ते पाणी नव्या वाटीत ओत. बरोबर काठाला आलं तर ती घे. तिच्यावर नाव घालून घे. 'चि. सौ. कां.' वगैरे नको, नुसतं तिचं नाव आणि खाली 'नाताळ'. लग्नात भांड्यांवर देणाऱ्याचं नाव घालतात, इथे घेणारीचं घालायचं. वाटी स्टीलचीच बरी. पितळेची हौस असेल तर आतून कल्हई करून घ्यावी लागेल. आणि तांब्याच्या भांड्यात लिंबाचं लोणचं किंवा संत्र्याचा मुरांबा भरून कुणाला देऊ नकोस, आंबटाने तांबं पदार्थात उतरतं. असल्या गोष्टींना काचेची बरणी.

दादाच्या बाळाचा हा पहिला नाताळ. त्याला गोधडी शिवायची. आजीची लुगडी अजून लोखंडी ट्रंकेत आहेत ना? त्यांतली सुती तेवढी काढा. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं सूत बाळाच्या अंगाला जितकं चांगलं, तितकं नवं कापड नाही. एक नऊवारी लुगडं म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड, त्यात लहानशी गोधडी सहज होते. विरलेला भाग आतल्या थराला, धडका भाग वर आणि खाली. बाळासाठी तीन थर पुरे, जाड केली तर धुतल्यावर लवकर वाळणार नाही. आधी मोठा कच्चा टाका घालून थर बसवून घ्या, नाहीतर मध्ये चुण्या पडतात. मग कडेने धावदोरा घालत फेऱ्याफेऱ्यांनी मध्यापर्यंत यायचं. आजीच्या लुगड्याचा काठ कापून टाकू नका, त्याचीच चारी बाजूंनी पट्टी लावा. एका कोपऱ्यात साखळी टाक्याने बाळाचं नाव. लेस, गोंडे, मणी, टिकल्या काही नको, बाळ सगळं तोंडात घालतं. आणि ही अंथरायला द्यायची, झोपलेल्या तान्ह्या बाळावर सैल पांघरूण नसावं. आईचे डोळे आता बारीक टाक्याला थकतात, म्हणून सुई तू ओवून दे आणि दुपारच्या उजेडात आत्यालाही बसव.

बाबांसाठी मोठ्या अक्षरांची गीतांची वही. चष्मा बदलूनही उपासनेत त्यांना छापील ओळी दिसत नाहीत. पाठ आहे तेवढं म्हणतात, पुढच्या कडव्याला गप्प राहतात. मला ते बघवत नाही. मोठी कोरी वही, जाड काळं पेन, एका पानावर एकच कडवं. रेव्हरंड टिळकांची गीतं पहिल्यांदा घ्या. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिककडच्या जलालपूरच्या, हे बाबा किती अभिमानाने सांगतात! पण सगळी वही तू एकटीने लिहू नकोस. प्रत्येक गीत वेगळ्या माणसाने लिहायचं, खाली आपलं नाव घालायचं. मुलांची अक्षरं वेडीवाकडी आली तरी चालतील, फक्त मोठी हवीत. माझी पानं मी इथून पाठवते.

मुलांना काडेपेट्या जमवायला सांग, २४ लागतील. सहा-सहाच्या चार ओळींत चिकटवल्या की छोट्या खणांचं कपाट होतं. वर १ ते २४ आकडे, आणि १ डिसेंबरपासून रोज एक खण उघडायचा. आत लिमलेटची गोळी किंवा चिठ्ठी: "आज आजोबांना त्यांच्या शाळेबद्दल विचार", "आज आईला पोळ्या शेकायला मदत कर". इथे घरोघरी अशी कॅलेंडरं असतात. दिवस मोजायची इथली आणखी एक रीत मला फार भावली. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान विचर्न गरीब मुलांची संस्था चालवत होते. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? तेव्हा त्यांनी गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवत गेले. ते वाचताना मला आपल्या नाशिकची मिशनची वस्ती, शरणपूर, आठवली. गुलामीतून सुटलेली आफ्रिकेतली मुलं तिथे राहिली, हातकाम शिकली, त्यांचेही नाताळ तिथेच झाले असतील. पोरांना हे सांग. काडेपेट्या चिकटवताना ऐकतील.

केकचं थोडक्यात. मनुका, बेदाणे, खजूर रममध्ये भिजवणार असशील तर आजच भिजव. काकांकडे दारू चालत नाही, त्यांच्या केकसाठी संत्र्याच्या रसात भिजव, पण ते आदल्या रात्री आणि फ्रिजमध्ये, रसातलं फळ टिकत नाही. संत्र्याची सालं फेकू नकोस. दोन-तीनदा पाणी बदलून उकळली की कडूपणा जातो, मग पाकात शिजवून वाळव. मैत्रिणींना बरणीत भरून द्यायला छान.

आता तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्यात. वहीत कुठलं गीत कोण लिहिणार ते ठरवून माझ्या वाट्याचं लवकर कळव, टपालाला वेळ लागतो. आणि बाबा झोपलेले असताना त्यांच्या पावलाचं माप घे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, सेंटीमीटरमध्ये. मोज्यांची लोकर आणून ठेवली आहे.

आईबाबांना सलाम, मुलांना गोड पापा.

तुझी,
धाकटी