काय ऐकालाय सध्या?

चि. ओंकार यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "सध्या काय ऐकतेस?" आणि मी "बरंच काही" म्हणून विषय संपवला. ते खरं नव्हतं. बरंच काही मी ऐकतच नाही. गेले कित्येक दिवस एकच चालू आहे, मल्लिकार्जुन मन्सूरांचा बसंती केदार, म्हणजे वसंत आणि केदार मिळून झालेला राग. रात्री जेवणं आवरली, तुझे बाबा बातम्या लावून बसले की मी आतल्या खोलीत जाते आणि तोच लावते. बाबा म्हणतात, "कालचंच आहे की हे." आहेच कालचं.

मला त्यातलं काय आवडतं ते सांगते. केदार चाललेला असतो. मध्यमावर, म्हणजे 'म' या स्वरावर, बुवा असे निवांत बसलेले की आता उठायचे नाहीत असं वाटावं. मग वरच्या षड्जाकडे, 'सा'कडे, निघतात आणि वाटेत वसंताचा कोमल धैवत, 'ध', लागतो. आपण दचकून बघतो तोवर ते परत केदारात. दोन रागांचा सांधा दाखवत नाहीत, हीच गंमत. आणि तान कुठल्या मात्रेवरून सुटेल याचा नेम नाही. मी त्रितालाच्या सोळा मात्रा बोटांवर धरून बसते. चौदाव्या मात्रेपर्यंत जीव वरखाली होतो, आता चुकणार, आता चुकणार, आणि बुवा बंदिशीचा मुखडा उचलून समेवर, पहिल्या मात्रेवर, हजर! एवढ्या वेळा ऐकलंय, पुढे काय होणार ते पाठ आहे, तरी पोटात खड्डा पडतो.

हे गाणं आपल्या कोल्हापूरचं आहे, हे तू लहानपणी माझ्याकडून इतकं ऐकलंस की कंटाळलास. तरी एक गोष्ट तेव्हा सांगितली नव्हती. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणीच बिघडला होता. एका संस्थानात दिवसचे दिवस गायला लावलं आणि गळा बसला तो बसलाच. पूर्वीचा आवाज परत आला नाही. मग राहिलेल्या आवाजात जे करता येईल ते त्यांनी उभं केलं, पेचदार ताना आणि लयीशी बांधलेला आकार. त्याला आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. शाहू महाराजांच्या पदरी ते इथे राहिले आणि १९२२ साली महाराज गेल्यावर मुंबईला गेले. मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेर घराण्याचं शिकले. पुढे खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ त्यांना गुरू म्हणून मिळाले, पण १९३७ मध्ये तेही गेले. मग धाकट्या भुर्जी खाँसाहेबांनी पुढचं शिकवलं. बसंती केदार ऐकताना हे सगळं डोक्यात असतंच असं नाही. पण असलं तर बरं.

आता रंकाळ्यावरच्या मंडळींचं सांगते. आमचा सकाळचा फिरायचा कंपू तुला माहीत आहे. तिथे हल्ली कुणी गुडघ्याची चौकशी करत नाही. भेटल्या भेटल्या पहिला प्रश्न, "काय ऐकालाय वैनी?" पलीकडच्या गल्लीतले तबलजी काका वर्षभर नाट्यगीतांच्या बाहेर आले नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हापासून त्यांचं हे सुरू झालं. एकच पद तीन-चार जणांच्या आवाजात ऐकतात आणि कुणी कुठे श्वास घेतला ते सांगतात. 'मानापमान'च्या चाली आपल्या सांगवडेच्या गोविंदराव टेंब्यांच्या, हे ते अशा थाटात सांगतात की जणू पेटीवर स्वतः साथीला होते. तुझ्या शाळेतल्या गाण्याच्या बाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकरांच्या पलीकडे जायला तयार नाहीत. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, ही बातमी त्या दर आठवड्याला नव्याने देतात. मी त्यांना लक्ष्मीबाई जाधवांच्या जुन्या तबकड्या सुचवल्या. लक्ष्मीबाई अल्लादियांचे भाऊ हैदर खाँसाहेबांच्या शिष्या, आणि केसरबाईंइतकं नाव त्यांच्या वाट्याला आलं नाही. तीन मिनिटांत अख्खा ख्याल कसा बसवलाय ते ऐका म्हटलं. बाईंनी नाक मुरडलं. चार दिवसांनी गुपचूप विचारत होत्या, "अजून आहेत का हो त्यांच्या?"

आमच्या लहानपणी हा प्रश्न कुणी विचारत नसे. विचारायचं काय? गल्लीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलं तरी सांगली आकाशवाणीवरचं एकच गाणं सलग ऐकू यायचं, घराघरातून. आता प्रत्येकाच्या कानात वेगळं. शेजारी बसलेल्याचंही कळत नाही. म्हणून विचारावं लागतं, आणि मला वाटतं त्यामुळे गप्पा वाढल्याच आहेत.

आता तुझ्या यादीबद्दल. राग मानू नकोस, पण तू पाठवलेली ती लांबलचक प्लेलिस्ट मी अर्ध्यात सोडली. त्यात तू सापडेनास. कुठलं गाणं बसमध्ये ऐकलंस, कुठलं दोनदा लावलंस, कुठलं नुसतंच यादीत पडलंय, काही कळायला मार्ग नाही. बाबांना वाण्याची यादीसुद्धा मी यापेक्षा नीट लिहून देते, कुठला तांदूळ आणि कशाला ते सांगून.

त्यातलं एक मात्र धरून ठेवलंय, ते जॅझमधल्या सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं 'माय फेव्हरिट थिंग्ज', पावणेचौदा मिनिटांचं. पहिल्या दिवशी मला फक्त गोंगाट ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मांडीवर सहा मात्रांचा दादरा धरून पाहिला, तर चक्क बसला! मग मजा यायला लागली. पियानोवाला खाली तेच तेच दोन-तीन स्वर धरून राहतो, आपल्या तानपुऱ्यासारखाच आधार, आणि वर तो माणूस एकच धून घेऊन कुठल्या कुठे जातो. जातो आणि परत येतो, हे महत्त्वाचं. ड्रमवाला मात्र माझी मोजणी सारखी उधळून लावतो. तबलजी काकांना ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "ह्याला सम दाखवायची नाही, लपवायची आहे." पूर्ण पटलं नाही मला, पण तेव्हापासून तसंच ऐकते आहे.

तर पुढच्या वेळी एकच पाठव. आणि सोबत दोन ओळी लिही, कितव्या मिनिटाला थांबलास, कुठली जागा परत मागे जाऊन ऐकलीस. "भारी आहे" एवढंच लिहून चालणार नाही. भारी कुठे आहे ते लिही. आवडलं नसेल तर तेही लिही, त्यावर तर आमचा रंकाळ्याचा एक अख्खा फेरा निघतो.

माझ्याकडून तुला बसंती केदार. गाडीत ऐकू नकोस, रात्री एकटा असताना ऐक. पहिली पाच मिनिटं फक्त मध्यमाकडे लक्ष दे, बाकी काही कळलं नाही तरी चालेल. इथल्या देवल क्लबात कुणाचा गाण्याचा कार्यक्रम ठरला की कळवते. शनिवारी असेल तर आदल्या रात्रीच्या गाडीने ये. बाबांची तब्येत ठीक. चटणी पुढच्या आठवड्यात कुरिअरने पाठवते.

तुझी,
आई

ता. क. कोल्ट्रेनने मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, आणि तोही सॅक्सोफोनच वाजवतो, हे मी काकांना सांगितल्यापासून ते माझ्या मागे लागलेत. त्या रवीचं काहीतरी पाठव. एकच.